पिंपात मुरलेली स्ट्राँग स्कॉच एल चाखायची कशी: क्रमाने सांगतो

अमेरिकेहून किंवा ब्रिटनहून येताना कुणीतरी बॅरल-एज्ड, म्हणजे व्हिस्कीसारख्या दारूच्या वापरलेल्या पिंपात मुरवलेल्या, स्कॉच एल या स्कॉटिश पद्धतीच्या बिअरची एखादी बाटली घेऊन येतं. ती रात्रभर फ्रिजमध्ये पडून असते. मग चार मित्र जमतात, उंच ग्लास काढले जातात, शेजारी मसाला शेंगदाणे येतात, आणि दुसऱ्या घोटाला निकाल लागतो: "गोड आहे. व्हिस्की ओतल्यासारखी लागते." एवढ्या महागाची, एवढ्या लांबून आणलेली बिअर दहा मिनिटांत संपते आणि कुणाला तिच्यातलं काहीही कळलेलं नसतं.

चूक बाटलीची नसते, क्रमाची असते. या बिअरमध्ये तीन थर असतात: माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, म्हणजे मूळ बिअर), लाकूड आणि पिंपात आधी भरलेली दारू. बहुतेक जण दारूपासून सुरुवात करतात, कारण ती सगळ्यात आधी अंगावर येते. ती सापडली की शोध थांबतो. खाली दिलेली सगळी पद्धत एकाच गोष्टीसाठी आहे: आधी बिअर शोधायची, मग लाकूड, आणि दारू सगळ्यात शेवटी.

१. लेबल वाचा

स्ट्राँग स्कॉच एलला ‘वी हेवी’ असंही म्हणतात. बिअर परीक्षकांची बीजेसीपी ही संस्था तिच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत या प्रकाराला ६.५ ते १० टक्के अल्कोहोल देते. कडूपणा मात्र जेमतेम, १७ ते ३५ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक). पिंपात मुरल्यावर लाकडात जिरलेली दारू बिअरमध्ये उतरते आणि टक्केवारी आणखी वर जाते. मिशिगनमधल्या फाउंडर्स ब्रुअरीची ‘डर्टी बास्टर्ड’ ८.५ टक्क्यांची आहे. तीच बिअर बर्बन या मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात मुरवून ‘बॅकवूड्स बास्टर्ड’ होते, तेव्हा ती सुमारे ११ टक्क्यांवर पोहोचते.

लेबलवर तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, पिंपात आधी कोणती दारू होती. अमेरिकन कायद्याप्रमाणे बर्बन आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या भांड्यातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही, म्हणून सुमारे २०० लिटरची ही पिंपं ब्रुअरींना मिळतात. त्यांतून व्हॅनिला, खोबरं आणि जळक्या साखरेचा गंध भरपूर येतो. स्कॉच व्हिस्कीची पिंपं बऱ्याचदा आधी बर्बनसाठी वापरून झालेली असतात, त्यामुळे त्यांच्यातलं लाकूड सौम्य झालेलं असतं. शेरी या स्पॅनिश वाइनचं पिंप असेल तर मनुका, अक्रोड यांच्याकडे झुकणारा स्वाद अपेक्षित धरा.

दुसरी, बिअर खरंच पिंपात होती का. ‘ओक-एज्ड’ लिहिलेल्या काही बिअर स्टीलच्या टाकीत ओकच्या तुकड्यांवर ठेवलेल्या असतात. त्यांत लाकूड येतं, पण तुकडे दारूत भिजवलेले नसतील तर दारू येत नाही. स्कॉटलंडमधल्या ट्रॅक्वेअर हाउसची ७.२ टक्क्यांची एल ओकच्या भांड्यात आंबवली जाते. ती उत्तम बिअर आहे, पण तिच्यात व्हिस्की शोधत बसू नका. ती तिथे नाहीच.

तिसरी, बाटलीत भरल्याची तारीख. तिची गरज पुढे दोष ओळखताना लागेल.

इशारा: आपल्याकडे दुकानात ‘स्ट्राँग’ म्हणून मिळणारी बिअर ८ टक्क्यांच्या आत असते. ११ टक्क्यांच्या ३५५ मिलीच्या बाटलीत सुमारे ३९ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, आणि ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली पेगमध्ये जेमतेम १३ मिली. म्हणजे एक बाटली म्हणजे तीन स्मॉल पेग. ती तिघा-चौघांत वाटायची चीज आहे. चाखल्यावर गाडी चालवायची नाही. वयाचे आणि परवान्याचे नियम बिअरलाही लागू आहेत, हेही विसरू नका.

२. बाटलीला स्वस्थ बसू द्या

विमानातून आलेली बाटली त्याच संध्याकाळी उघडू नका. चेक-इन सामानात ती तासन्‌तास आडवी पडलेली आणि हललेली असते. तळाचा गाळ वर आलेला असतो, वायूही बेचैन असतो. किमान दोन-तीन दिवस ती उभी ठेवा, अंधारात आणि थंड जागी.

थंड जागा म्हणजे स्वयंपाकघरातलं कपाट नव्हे. ‘ही बिअर तळघरात ठेवावी’ असं परदेशी सल्ल्यात असतं, तिथे १० ते १४ अंशांचं तळघर गृहीत धरलेलं असतं. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात बंद कपाटात काय होतं ते वेगळं सांगायला नको. उष्णतेने बिअर झपाट्याने म्हातारी होते, आणि हे म्हातारपण मुरण्याचं नसतं, खराब होण्याचं असतं. त्यामुळे आपल्या हवेत सरळ फ्रिज वापरा. सगळ्यात खालचा कप्पा, मागची बाजू. दारात नको, तिथे प्रत्येक उघडझापीला धक्का बसतो.

तपासणी: बाटली उजेडासमोर धरा. तळाशी पातळ थर असेल तर ठीक, ओतताना काळजी घ्यायची एवढंच. बुचाभोवती चिकट ओघळ दिसला तर बाटली गळलेली आहे. तिच्याकडून अपेक्षा कमी ठेवा.

३. ग्लास

ब्रँडीचा स्निफ्टर, ट्यूलिप किंवा स्कॉटलंडमध्ये मिळणारा थिसल ग्लास चालेल. यांपैकी काहीच नसेल तर रेड वाइनचा ग्लास घ्या. पोट फुगीर आणि तोंड निमुळतं हवं, कारण गंध आत कोंडून राहायला हवा. बिअरचा मग, उंच पाइंट ग्लास आणि स्टीलचा पेला ही तिन्ही यासाठी चुकीची भांडी आहेत.

ग्लासचा आकार जितका महत्त्वाचा, तितकाच त्याचा स्वच्छपणा. आपल्या घरात जी घासणी तेलकट कढईवर फिरते तीच ग्लासवर फिरते, आणि तेलाचा अदृश्य थर फेस मारून टाकतो. वेगळ्या घासणीने, अगदी थोड्या साबणाने ग्लास धुवा, भरपूर पाण्याने विसळा आणि पालथा घालून हवेवर वाळू द्या. फडक्याने पुसू नका, फडक्याचा वास ग्लासला लागतो.

तपासणी: रिकामा ग्लास पाण्यात बुडवून बाहेर काढा. पाणी आतल्या बाजूने सलग पडद्यासारखं उतरलं तर ग्लास स्वच्छ. थेंब-थेंब तुटले तर चिकटपणा आहे, पुन्हा धुवा. मग नुसत्या ग्लासाचा वास घ्या. काहीही वास यायला नको.

इशारा: ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फाळलेल्या ग्लासात या बिअरचा गंध उठतच नाही.

४. खोली, नाक आणि तोंड

उदबत्ती, मच्छर पळवणारं लिक्विड, ताजी फोडणी, हातावरचं सॅनिटायझर, मनगटावरचं अत्तर. यांपैकी एक जरी असेल तरी नाक तिकडेच जातं. चाखण्याच्या तासभर आधी हे सगळं बंद करा आणि खिडक्या उघडा. हात बिनवासाच्या साबणाने धुवा, कारण ग्लास उचलला की हात नाकाखालीच येतो.

तोंडाचंही तसंच. पान, सुपारी, कडक कॉफी, तिखट जेवण यानंतर दोन तास जाऊ द्या. टूथपेस्टकडे लोक दुर्लक्ष करतात, पण तिच्यातल्या फेसकारक द्रव्यामुळे काही काळ गोडी कमी आणि कडूपणा जास्त जाणवतो. या बिअरचा सगळा तोल गोडीवर उभा आहे, तेव्हा दात घासायचे तर तासभर आधी.

टेबलावर साधं पाणी ठेवा, फ्रिजचं नाही, खोलीच्या तापमानाचं. आणि लादीपावाचे तुकडे. चकणा नको. मीठ-मसाल्याने जीभ एकदा बधिर झाली की पुढचं सगळं व्यर्थ आहे. काही खायचंच असेल तर चाखून झाल्यावर.

पोट मात्र रिकामं नसावं. दोन तास आधी वरणभातासारखं सौम्य काहीतरी खाऊन घ्या.

५. तापमान: सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे

फ्रिजमधली बाटली साधारण ४ अंशांवर असते. त्या तापमानाला माल्टचा गंध दबतो, गोडी मंदावते, आणि लाकडाचा तुरटपणा व दारूचा चटका तेवढा उरतो. ‘व्हिस्की ओतल्यासारखी लागते’ हा शेरा बऱ्याचदा ४ अंशांवरच्या घोटाचा असतो.

उलट टोकही तेवढंच वाईट. ‘रूम टेंपरेचरला प्या’ हा सल्ला एडिनबरातल्या खोलीसाठी ठीक आहे. पुण्यात एप्रिलमध्ये खोली ३२ अंशांवर असते. २० अंशांच्या वर गेली की दारूची वाफ नाकात घुसते आणि बाकी सगळं झाकून टाकते.

सुरुवात ९-१० अंशांवर करायची, मुख्य चाखणं १२-१३ वर, शेवट १६-१७ वर. स्वयंपाकातला खुपसायचा थर्मामीटर असेल तर तो वापरा. नसेल तर अंदाज असा: फ्रिजमधून काढलेली ३३० मिलीची बाटली २८-३० अंशांच्या खोलीत साधारण २० मिनिटांत १० अंशांच्या आसपास येते. थंडीत, किंवा परदेशातल्या घरात, याच्या दुप्पट वेळ धरा. मे महिन्यात एसी लावा, किंवा बाटली गार पाण्याच्या भांड्यात उभी ठेवून दोन हप्त्यांत ओता.

इशारा: बर्फ नाही, पाणी नाही, सोडा तर नाहीच. व्हिस्कीत दोन थेंब पाणी घालण्याची सवय इथे आणू नका. या बिअरचं अंग पातळ झालं की ती मोडते.

६. ओतणं

ग्लास तिरपा धरून बारीक धारेने सुरुवात करा, अर्ध्यावर ग्लास सरळ करा म्हणजे थोडा फेस येईल. प्रत्येकाला ९० ते १२० मिली. ग्लास एकतृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, वरची मोकळी जागा गंधासाठी आहे. बाटली एकदा तिरपी केली की सगळ्यांचे ग्लास भरेपर्यंत पुन्हा उभी करू नका, नाहीतर गाळ ढवळतो. तळाचा शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.

बूच काढताच कारंजं उसळलं तर दोन शक्यता: बाटली हललेली, किंवा आत नको ते जंतू वाढलेले. बाटली दोन-तीन दिवस उभी होती आणि तरीही उसळली, तर दुसरी शक्यता धरून पुढे चाखा.

७. पाहणं

यात फार वेळ घालवू नका. गडद तांब्यापासून तपकिरीपर्यंत रंग, उजेडात माणकासारखी छटा. फेस कमी आणि लवकर विरणारा असतो. जास्त अल्कोहोलमुळे तसं होतं, तो दोष नाही. बुडबुडेही मोजकेच असतात.

८. वास: चार वेळा, चार कामांसाठी

हा टप्पा घाईने उरकला तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

*पहिला वास* ओतल्याबरोबर. ग्लास न हलवता नाकाजवळून नेत दोन आखूड हुंगे. काही गंध मिनिटाभरात उडून जातात, आणि दोषाचे पुष्कळसे गंध याच वर्गातले असतात. सडक्या अंड्यासारखं, हिरव्या सफरचंदासारखं काही जाणवलं तर लगेच लिहून ठेवा.

*दुसरा वास* माल्टसाठी. नाक ग्लासाच्या कडेपासून दोन बोटं दूर. आत खुपसलंत तर दारूच लागेल. इथे व्हॅनिला आणि दारू मुद्दाम बाजूला ठेवून विचारायचं: खाली काय आहे? काकवी, भाजलेल्या पावाची कड, चिक्कीचा पाक, खजूर, काळा मनुका, सुकं अंजीर. माल्टचा दाट अर्क बराच वेळ उकळल्याने करपत आलेल्या साखरेची एक खोल गोडी तयार होते. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, अर्धा मिनिट थांबा, परत या.

*तिसरा वास* लाकडासाठी. आता ग्लास हलकेच एकदा फिरवा. ओकमधून प्रामुख्याने तीन ओळखीचे गंध येतात: व्हॅनिला, ओलं खोबरं आणि लवंग. जाळलेल्या पिंपातून थोडा धूरही येतो. तिन्ही एकदम शोधू नका, एकेक नाव मनात धरून हुंगा आणि हो किंवा नाही ठरवा.

*चौथा वास* दारूसाठी. आता नाक जवळ न्या. बर्बन असेल तर मक्याची गोडसर ऊब लागते. तिचा चटका बसतो की ती उबदार वाटते, एवढंच नोंदवा.

सर्रास होणारा गैरसमज: नावात ‘स्कॉच’ आहे म्हणून धूर असणारच, असं लोक धरून चालतात आणि मग तो ‘सापडतो’ही. पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरात वाळवलेला माल्ट या एलच्या परंपरेत नाही, बीजेसीपीनेही ते स्पष्ट नोंदवलं आहे. काही नव्या ब्रुअरी तो घालतात, आणि स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कीचं पिंप असेल तरी धूर येतो. पण लेबलवर तसं काही नसेल तर धूर अपेक्षित धरू नका.

९. घोट

पहिला घोट अगदी लहान, आणि तो मत बनवण्यासाठी नाही. ११ टक्क्यांना तोंड सरावण्यासाठी आहे. तो गिळा, पाण्याचा घोट घ्या, मिनिटभर थांबा.

दुसरा घोट चमचाभर. तो तोंडात सगळीकडे फिरवा आणि पाच-सहा सेकंद धरा. चवींचा क्रम पाहा: आधी गोडी येते, मधे फळांचा आणि भाजलेपणाचा भाग, मग कडेने तुरटपणा. आता गिळा. वाइन चाखणाऱ्यांसारखं थुंकू नका, बिअरचा कडूपणा आणि शेवट गिळल्याशिवाय नीट कळत नाही. गिळताच तोंड मिटलेलं ठेवून नाकाने सावकाश श्वास सोडा. लाकूड खरं उलगडतं ते या उच्छ्वासात. ग्लासात न लागलेली लवंग किंवा खोबरं इथे लागतं.

तिसऱ्या घोटाला तोल तपासा. कडूपणा देणारी हॉप्सची फुलं एवढी कमी असताना ही बिअर पाकासारखी का लागत नाही, हा या प्रकारातला माझ्या मते सगळ्यात रंजक प्रश्न आहे. साध्या वी हेवीत ते काम अल्कोहोल, भाजलेपण आणि थोडासा कडूपणा करतात. पिंपातल्या बिअरला ओकचं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, मिळतं. गिळल्यावर हिरड्या किंचित कोरड्या पडतात आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो, तेव्हा लाकडाने आपलं काम केलं समजा. हिरड्या आवळून आल्या, कच्चा चहा उकळल्यासारखी चव मागे राहिली, तर बिअर पिंपात जास्त राहिली आहे.

चौथ्या घोटाला शेवटचा प्रश्न: दारू बिअरमध्ये मुरली आहे का? कच्च्या लोणच्यात फोड वेगळी लागते आणि मसाला वेगळा. नीट न मुरलेल्या बिअरमध्येही आधी गोड एल येते आणि मग तिच्यावर स्वार झालेली व्हिस्की. मुरलेल्या बिअरमध्ये काकवी कुठे संपली आणि बर्बन कुठे सुरू झाली हे बोटाने दाखवता येत नाही.

तपासणी: घशात ऊब यावी, जळजळ नको. जळजळ असेल तर आधी तापमान पाहा. २० च्या वर गेलं असेल तर दोष बिअरचा नाही.

१०. वीस मिनिटं थांबा आणि परत या

अर्धा ग्लास मुद्दाम उरवा. १६-१७ अंशांवर तीच बिअर बरीच वेगळी असते: खजूर-अंजीर पुढे येतात, व्हॅनिला मागे सरकतो, अंग अधिक दाट लागतं. मग पुन्हा एक वास, एक घोट, एक उच्छ्वास. बहुतेक चांगल्या बाटल्या इथे सुधारतात. इथे चवीला उतरलेली बिअर मात्र बहुधा आतून पोकळ असते, फक्त पिंपाच्या जोरावर उभी.

११. दोष की गुण?

शेरी, मनुका, अक्रोड: वयाचा गुण, विशेषतः वर्षभर किंवा जास्त जुन्या बाटलीत. ओला पुठ्ठा: हवेने बिघडलेली. तारीख ताजी असूनही पुठ्ठा लागत असेल तर बाटली उन्हात किंवा गरम गोदामात राहिली असण्याची शक्यता मोठी.

व्हिनेगर किंवा दह्याचा आंबटपणा: या प्रकारात दोषच. लाकडाच्या छिद्रांत जंतू टिकून राहतात, त्यामुळे पिंपातल्या बिअरला हा धोका नेहमी असतो. ‘मुद्दाम आंबट केली असेल’ असं म्हणून सोडून देऊ नका. मुद्दाम केली असती तर लेबलवर लिहिलं असतं.

नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा उग्र वास: दोष. लोक याला ‘स्ट्राँग दारू’ समजतात, पण दारूची ऊब घशात लागते, हा वास नाकाच्या वरच्या भागात टोचतो.

लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा वास: थोडासा असेल तर माल्टच्या गोडीत खपून जातो, ठळक असेल तर दोष. सोया सॉससारखी खारट चव: बाटली फार म्हातारी झाली.

१२. दोन ग्लास शेजारी

एकाच बिअरची साधी आणि पिंपातली आवृत्ती मिळाली तर दोन्ही एकत्र चाखा. डर्टी बास्टर्ड आणि बॅकवूड्स बास्टर्ड ही त्यासाठी सोपी जोडी आहे. सान डिएगोच्या एलस्मिथ ब्रुअरीनेही आपल्या वी हेवीची पिंपातली आवृत्ती काढलेली आहे. साधी आधी, पिंपातली नंतर, आणि मग पुन्हा साधी. हा तिसरा फेरा वगळू नका. पिंपातलीनंतर साधी चाखली की लाकडाने काय दिलं आणि काय झाकलं, हे एकदम कळतं.

दोनपेक्षा जास्त बाटल्या असतील तर कमी टक्क्यांकडून जास्तीकडे जा, धुरकट असेल ती सगळ्यात शेवटी. प्रत्येकी ६० मिलीच्या वर नको, आणि एका बैठकीत तीन बाटल्या पुरे. चौथ्या ग्लासापर्यंत जीभ आणि डोकं दोन्ही शिथिल झालेले असतात.

१३. नोंद आणि उरलेली बिअर

नोंद ग्लास समोर असतानाच करा, दुसऱ्या दिवशी आठवून नाही. तारीख, बाटली भरल्याची तारीख, टक्के, पिंप, तापमान. मग माल्ट, लाकूड, दारू असे तीन रकाने, प्रत्येकात दोन-तीनच शब्द. ‘मस्त’, ‘स्मूद’ असले शब्द लिहू नका, महिन्याने त्यांतून काहीच कळत नाही. ‘काकवी, थोडं खोबरं, शेवट कोरडा’ यातून कळतं. एकमेकांना ऐकवण्याआधी सगळ्यांनी आपापलं लिहून घ्या. एकाने मोठ्याने ‘नारळ’ म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना नारळ लागायला लागतो.

बाटली उरली तर घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. वायू गेलेला असेल, पण वास घेण्यासाठी ती तेव्हाही कामाची असते.

दोन बाटल्या आणल्या असतील तर दुसरी वर्षभर फ्रिजमध्ये राहू द्या. उघडाल तेव्हा पहिलीची नोंद आधी वाचू नका. चाखून, नवी नोंद लिहून झाल्यावरच जुना कागद काढा.